यात प्रयोग कुठे आहे?

गेल्या वर्षी एका आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीच्या टेबलावर ना थर्माकोलची प्रतिकृती होती, ना बॅटरीवर फिरणारे काही. होती फक्त एक वही. घराच्या पडवीत बुलबुलाने घरटे केले होते. पिल्ले उडून जाईपर्यंत तिने रोज शाळेआधी अर्धा तास खिडकीआडून पाहिले होते. चारा घेऊन किती खेपा झाल्या, चोचीत काय होते, पाऊस होता का, अशी सारी नोंद पट्टीने आखलेल्या रकान्यांत होती. माझ्या सहपरीक्षकांनी विचारले, “छान आहे बाळ, पण यात प्रयोग कुठे आहे?” ती चाचरत म्हणाली, “सर, मी काही करायला गेले असते तर त्यांनी घरटंच सोडलं असतं.” तिचे गुण कापले गेले. त्या वेळी मी गप्प बसलो, याची खंत अजून आहे.

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोगवहीची ही शिस्त आपण सगळेच शिकवतो आणि ती हवीच. पण वर्षानुवर्षे तीच एक चौकट गिरवली, की विज्ञान म्हणजे परीक्षानळीत घडते तेवढेच, असे मुलांच्या मनात बसते. खरे तर पद्धत प्रश्नावरून ठरते.

सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, तो घरट्यांपाशी तासन्‌तास बसून. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पुरे करून दुसऱ्या घरट्याला लागतो, हे कळले ते चिकाटीने ठेवलेल्या नोंदींतून.

लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पुन्हा घडवून पाहता येत नाही. भोवती सगळा बेसाल्ट, म्हणून ते ज्वालामुखीचे असावे असे पूर्वी अनेकांना वाटे. १९७०च्या दशकात तळाशी खोल छिद्रे पाडून नमुने काढले गेले. प्रचंड आघातानेच होऊ शकतात असे बदल त्यातल्या खनिजांत दिसले आणि उल्कापाताची बाजू भक्कम झाली. ही पद्धत गुन्ह्याचा माग काढणाऱ्याची. मागे उरलेल्या खुणा वाचायच्या आणि न जुळणाऱ्या शक्यता एकेक करून बाद करायच्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढचा प्रश्न आणखी वेगळा होता. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर बालमृत्यू कमी होतील का? ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली आणि दोन्हीकडचे जन्म-मृत्यू काटेकोर मोजले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

पद्धती अनेक आहेत, म्हणून काहीही चालते असे मात्र नाही. सुगरणीच्या अभ्यासात नोंद चुकवायची नाही, लोणारला दुसरे स्पष्टीकरण तपासल्याशिवाय सोडायचे नाही, गडचिरोलीत तुलनेची गावे विसरायची नाहीत. मुलांना शिकवायची ती ही शिस्त.

त्यासाठी नवा तास लागत नाही. धडा शिकवताना प्रत्येक मोठ्या विधानापाशी थांबून “हे कसं कळलं असेल?” एवढे विचारावे. वर्षातून निदान एक प्रकल्प निव्वळ निरीक्षणाचा आणि एक गावातल्या मोजणीचा द्यावा. विहिरींची पाणीपातळी आहे, आंब्याचा मोहोर आहे. आणि परीक्षक म्हणून बसलो, की पहिला प्रश्न बदलावा: “तुझा प्रश्न काय होता, आणि त्यासाठी हीच पद्धत का निवडलीस?”

त्या मुलीने या प्रश्नाचे उत्तर न विचारताच दिले होते. ते ऐकायची तयारी आपली नव्हती.