एक किल्ली, पाच कुलपे

उन्हात राबणाऱ्याची कातडी काळवंडते, हे आपण रोज पाहतो. पण ऊन पडते बाहेरून आणि रंग येतो आतून. मधला निरोप कोण पोचवतो, हा प्रश्न सहसा पडत नाही. या महिन्यात आम्ही त्या निरोप्याची ओळख करून देत आहोत. त्याची प्रयोगशाळेत बनलेली नक्कल इंटरनेटवर कुपीतून विकली जाते आणि तरुण मुले-मुली ती स्वतःला टोचून घेतात, हे त्याचे कारण.

या निरोप्याचे नाव अल्फा-एमएसएच. 13 अमिनो आम्लांची ही छोटी साखळी, म्हणजेच पेप्टाइड. पेशींवर ‘मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टर’ नावाची कुलपे असतात, त्यांत ही किल्ली बसते. कातडीतील रंगपेशीचे कुलूप उघडले की मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयार होते आणि आतल्या पेशींवर सावली धरते.

अमेरिकेत ॲरिझोनाचे ऊन कडक. तिथल्या टक्सन शहरातील विद्यापीठात मॅक हॅडली, व्हिक्टर ह्रुबी आणि त्यांचे सहकारी या किल्लीवर काम करत होते. ऊन न खाता रंग गडद करता आला, तर त्वचेचा कर्करोग टाळता येईल का, हा त्यांच्यापुढचा सवाल होता. अडचण अशी की मूळ साखळी रक्तात फार वेळ टिकत नाही. 1980 मध्ये त्यांनी तिचे दोन मणी बदलले. त्यातला सातवा मणी तोच ठेवला, पण उलट्या घडणीचा घातला. डाव्या हातमोज्याच्या जागी उजवा घालावा तसा. शरीरातली विकरे ही घडण सहजी तोडू शकत नाहीत. बेडकाच्या कातडीवर तपासले तेव्हा नवी किल्ली मूळ किल्लीपेक्षा जोरकस आणि कितीतरी जास्त टिकाऊ निघाली.

तिचा खरा उपयोग झाला तो एका दुर्मीळ आजारात. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया झालेल्या माणसाला काही मिनिटांच्या उन्हानेही असह्य आग होते. मूल शाळेच्या मैदानात खेळू शकत नाही, मोठा माणूस दिवसा घराबाहेर पडायला घाबरतो. त्यांच्यासाठी हे औषध अफामेलॅनोटाइड या नावाने आले. तांदळाच्या दाण्याएवढी कांडी डॉक्टर दर दोन महिन्यांनी कातडीखाली ठेवतात. अमेरिकेतील चाचणीत औषध मिळालेल्यांना सहा महिन्यांत वेदनेविना साधारण 69 तास उन्हात काढता आले. औषधाविना हा आकडा 41 तासांच्या आसपास होता. युरोपने 2014 मध्ये आणि अमेरिकेने 2019 मध्ये त्याला मान्यता दिली.

मग बिघडले कुठे? शरीरात अशी कुलपे पाच प्रकारची आहेत. पहिले रंगाचे, दुसरे मूत्रपिंडावरील ग्रंथीचे, तिसरे-चौथे मुख्यतः मेंदूतले, पाचवे घाम-तेलासारखे स्राव सोडणाऱ्या ग्रंथींचे. चौथ्याचा संबंध भुकेशी आहे. ते उघडणारे सेटमेलॅनोटाइड 2020 मध्ये काही जन्मजात स्थूलतेसाठी अमेरिकेत मंजूर झाले. भूक आवरण्यासाठी दिलेल्या या औषधाने पुष्कळ रुग्णांची कातडीही काळवंडते, कारण किल्ली शेजारचे कुलूपही फिरवते. ‘मेलॅनोटान-2’ ही साखळीचे कडे करून बनवलेली नक्कल तर दुसरे सोडून बाकी चारही कुलपे हलवते. ती घेणाऱ्यांना मळमळ होते, चेहरा लाल होतो, भूक मरते, अंगावरचे तीळ गडद होतात किंवा बदलतात. तिळातला बदल ही कर्करोगाची खूण असू शकते, म्हणून डॉक्टरांची चिंता अधिक.

झटपट सावळेपणासाठी विकली जाते ती हीच नक्कल. औषध म्हणून तिला मान्यता नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकांनी लोकांना सावध केले आहे. कुपीवर अनेकदा लिहिलेले असते, ‘केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी’. त्याचा सरळ अर्थ असा की हे माणसाच्या अंगात घालण्यासाठी नाही. आत नेमके काय आहे, किती शुद्ध आहे, याची हमी कोणी घेत नाही.

वाचकहो, तिकडे गोरी माणसे सावळी होण्यासाठी सुई टोचतात आणि आपल्याकडे निकाहाची बोलणी सुरू झाली की मुलीच्या हातात गोरेपणाची क्रीम दिली जाते. दोन्हीकडे दुखणे नाही, पण इलाज चालू आहे. घरातल्या मुलांनी अशी कुपी मागवली असेल, तर ओरडण्याआधी त्यांच्याजवळ बसा. हे कोणत्या आजारासाठी आहे, कोणत्या डॉक्टरने लिहून दिले आणि त्रास झाला तर जबाबदार कोण, एवढे तीनच प्रश्न विचारा. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत कुपी बंदच राहू द्या. कुणी आधीच टोचून घेतली असेल, तर लाज न बाळगता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि ती कुपीही सोबत न्या.