भाडोत्री कोण?



सध्या मुक्काम राजस्थानच्या वाळूत आहे. परवा रात्री लंगरमध्ये जेवण चाललं होतं. आमच्याकडचा एक तरुण नायक मोबाईलवर मराठी पेपर वाचत होता. बातमीच्या मथळ्यात ‘भाडोत्री मातृत्व’ असे शब्द होते. त्यानं सहज विचारलं, “साहेब, पैसे घेऊन दुसऱ्याचं पोर पोटात वाढवायचं, हे कसलं आईपण?”

मी गप्प बसलो. त्याला माहीत नव्हतं की माझी मुलगी तशीच जन्माला आली आहे. तिला नऊ महिने पोटात वाढवलं ते माझ्या मेहुणीनं. आज हे तिला विचारूनच लिहितोय. “लिहा दाजी, पण नाव नको,” एवढंच ती म्हणाली.

2019 साली आमचं पहिलं मूल आठव्या महिन्यात गेलं. रक्तस्राव थांबेना, म्हणून बायकोचा जीव वाचवायला डॉक्टरांनी गर्भाशय काढलं. मी तेव्हा काश्मीरमध्ये बर्फातल्या चौकीवर होतो. दवाखान्यात पोहोचलो तिसऱ्या दिवशी. ती एकच वाक्य बोलली, “आता कशाला आलात?” फौजेतल्या बऱ्याच घरांत हे वाक्य कधी ना कधी बोललं गेलं असेल.

पुढे डॉक्टरांनी समजावलं की बीजकोश शाबूत आहेत. बीज आमचंच, गर्भही आमचा, फक्त वाढवायला कूस दुसरीची लागेल. सासूबाई म्हणाल्या, “देवकीचा गर्भ रोहिणीनं वाढवलाच की.” पण रोहिणीला जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला लागला नव्हता!

सरोगसीचा कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे. सरोगेट बाई 25 ते 35 वयाची, लग्न झालेली आणि स्वतःचं मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच तिला हे करता येतं. तिचं स्वतःचं बीज वापरता येत नाही. मूल कोणाचं याचा आदेश मॅजिस्ट्रेटकडून आधीच घ्यावा लागतो आणि तिचा 36 महिन्यांचा विमा काढावा लागतो. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची कॅज्युअल रजा. आमच्या त्या वर्षाच्या रजा कचेऱ्यांच्या बाकांवरच संपल्या. त्याची तक्रार नाही. मुलाचा प्रश्न आहे, कागद पक्के हवेत.

माझी तक्रार वेगळी आहे. मेहुणी घरी शिवणकाम करते. गरोदरपण, सिझेरियन आणि नंतरची विश्रांती मिळून जवळजवळ वर्षभर मशीन झाकून ठेवलेलं होतं. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. बुडालेली कमाई तरी द्यावी म्हणून मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, “रोख एक रुपया देऊ नका. औषधपाणी, विमा आणि नियमात बसणारा खर्च तेवढाच करा. मोबदला दिला असं दिसलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. बर्फातल्या चौकीवर मी उभा होतो त्याचा मला पगार मिळत होता, वर उंचावरचा भत्ता. उद्या पाय गेला तर अपंगत्वाचं पेन्शन आहे, मेलो तर बायकोला पेन्शन आहे. हे सगळं घेऊनही लोक मला भाडोत्री म्हणत नाहीत. भाडोत्री म्हणायचं ते गारद्यांना. आमच्या सेवेला त्याग म्हणतात आणि पगारही देतात, आणि पगार घेतल्यानं त्यागाला कमीपणा येत नाही. मग जिवावरची जोखीम घेणाऱ्या बाईनं फुकटच केलं पाहिजे, नाहीतर तो धंदा, हा न्याय कुठला?

बाजार पुन्हा भरावा असं मी म्हणत नाही. गुजरातेतल्या आणंदमध्ये काय चालायचं ते सगळ्यांनी वाचलं आहे. गरीब बायका घरापासून दूर वसतिगृहात, आणि मूल घ्यायला परदेशी जोडपी. 2008 मध्ये एका जपानी जोडप्याचा घटस्फोट झाला आणि इथं जन्मलेली त्यांची मुलगी कागदपत्रांत अडकून पडली. 2015 मध्ये सरकारनं परदेशी जोडप्यांसाठी हे बंद केलं. दलालांना आळा घातला ते योग्यच झालं.

पण फुकट म्हणजे राजीखुशीनं, असंही नसतं. माजी सैनिकांना आठवत असेल, हवालदार ओरडायचा, “दो वॉलंटियर चाहिए! तू, और तू!” घराघरांतही असे वॉलंटियर काढले जातात. धाकट्या जावेला, विधवा बहिणीला नाही म्हणण्याची सोय किती असते? माझी मेहुणी स्वतःहून पुढे आली असं मी छातीठोकपणे सांगतो. पण सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी तिला दिसतच होतं, हेही खरं.

2017 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनंच सांगितलं होतं की निव्वळ परोपकारावर भिस्त ठेवू नका, या बाईला भरपाई द्या. ते स्वीकारलं गेलं नाही. माझं म्हणणं फार मोठं नाही. रक्कम सरकारनं ठरवावी, श्रीमंताला आणि गरिबाला एकच. ती थेट तिच्या खात्यात जावी, मध्ये दलाल नको. या बाळंतपणातून पुढे कधीही दुखणं निघालं तर उपचाराला 36 महिन्यांची मर्यादा नसावी. आणि होकार घेताना तिला एकटीला विचारावं, घरचं कोणी खोलीत नको. जून 2024 मध्ये केंद्रानं आपल्या मुलकी नोकरीतल्या सरोगेट मातांना 180 दिवसांची रजा दिली. चांगलं केलं. पण शिवणकाम करणारीला, ऊस तोडणारीला रजा कोण देणार?

आणि पेपरवाल्यांना विनंती, ‘भाडोत्री’ हा शब्द टाका.

दुसऱ्या दिवशी मी त्या नायकाला बोलावून सगळं सांगितलं. तो ओशाळला. मग म्हणाला, “साहेब, पोरगी त्यांना काय म्हणते?”

“मावशी,” मी म्हटलं. “दुसरं काय म्हणणार?”

मशीन पुन्हा सुरू झालंय. गिऱ्हाइकं मात्र अजून निम्मीच आहेत.