हाताखालचा माणूस मोठा व्हावा

घरातील कमावते माणूस संध्याकाळी परतते, तेव्हा त्याचा दिवस कसा गेला हे लहान मुलांनाही चेहऱ्यावरून कळते. तो चेहरा केवळ पगाराच्या आकड्यावर अवलंबून नसतो. आपल्या श्रमांची कोणी दखल घेतली काय, आज काही नवे शिकावयास मिळाले काय, उद्या याहून मोठी जबाबदारी मिळण्याची आशा आहे काय, या प्रश्नांची उत्तरे त्यावर उमटलेली असतात. ही उत्तरे पुष्कळ अंशी वरिष्ठाच्या हाती असतात. आणि वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण असे वरिष्ठ आहेत. कारखान्याचा व्यवस्थापक तेवढाच वरिष्ठ नव्हे. शाळेच्या मुख्याध्यापिका, टपाल कचेरीचे पोस्टमास्तर, रुग्णालयातील मेट्रन यांच्याही हाताखाली माणसे असतातच.

या बाबतीत अहमदाबादचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हे शहर तेव्हा मुंबई राज्यात होते. तेथील कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग बसवले होते. परंतु उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी १९५३ साली पाहणी केली, तेव्हा असे आढळले की, २२४ मागांवरील २९ कामगारांत १२ प्रकारची कामे वाटून दिली होती. एकाने तुटलेला धागा जोडावयाचा, दुसऱ्याने कांड्या भरावयाच्या, तिसऱ्याने तेल घालावयाचे. प्रत्येकजण आपल्यापुरते पाही. संपूर्ण कापड कोणाचेच नव्हते. मग ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी लहान पथकांकडे सोपवण्याची कल्पना पुढे आली. कामगारांनी ती उचलून धरली आणि आपली पथके आपणच जुळवली. आरंभी अडचणी आल्या. पण पुढे उत्पादन वाढले आणि खराब निघणारे कापड कमी झाले. माग तेच होते, हातही तेच होते. बदलला तो विश्वास.

मात्र असा विश्वास एकदा दाखवून भागत नाही. १९७० साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ही पद्धत गिरणीत काही ठिकाणी टिकून होती, तर काही ठिकाणी जुनी रीत परतली होती. लावलेल्या रोपाला रोज पाणी घालावे लागते, तसेच हे आहे.

वरिष्ठाची दुसरी कसोटी स्पष्टपणाची. सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अति चांगला’ शेरा आवश्यक होता. आणि आपला शेरा काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शासकीय सेवकाच्या अहवालातील प्रत्येक नोंद त्याला कळवलीच पाहिजे. पुढील वर्षी केंद्र शासनाने संपूर्ण अहवाल संबंधितास दाखवण्याचा आदेश काढला. कायद्याने एवढे केले. पण वर्षअखेर कागद हाती देणे निराळे आणि चूक घडली त्याच आठवड्यात समोर बसवून, चारचौघांत नव्हे, ती समजावून देणे निराळे. पहिल्याने नियम पाळला जातो, दुसऱ्याने माणूस सुधारतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. जो कारकून किंवा कारागीर फार उपयोगी असतो, त्यालाच वरिष्ठ सोडावयास तयार नसतो. ‘हा गेला तर माझे काम अडेल’ म्हणून त्याचा प्रशिक्षणाचा अर्ज फायलीत पडून राहतो. अशा रीतीने गुणालाच शिक्षा होते! तो माणूस वर्षानुवर्षे एकाच मेजाशी झिजतो आणि त्याची कडू निराशा घरातील सर्वांना भोगावी लागते.

म्हणून आपल्या हाताखाली दोन माणसे असोत वा दोनशे, वर्षातून निदान एकदा प्रत्येकाला विचारावे: ‘तुम्हांला पुढे काय व्हावयाचे आहे, आणि त्यासाठी मी काय करू शकतो?’ उत्तर शांतपणे ऐकावे. जे देता येईल ते द्यावे. जे देता येणार नाही ते आढेवेढे न घेता सांगावे. खोट्या आशेपेक्षा सरळ नकार माणसाला अधिक सोसतो. आपली खुर्ची उद्या समर्थपणे सांभाळील असा एक तरी माणूस आपण घडवला काय, हा प्रश्न निवृत्तीच्या दिवशी नव्हे, आजच स्वतःला विचारून पाहावा.