धावफलकाला व्ह्यूज नसतात

येत्या महिनाअखेरीस मी नोकरी सोडतो आहे. एका क्रीडा संघटनेचा प्रसिद्धीप्रमुख म्हणून २३ वर्षे काम केले. वय ४९. दुसरी नोकरी ठरलेली नाही. ही बातमी मोहल्ल्यात पोहोचल्यापासून दोनच प्रश्न कानावर येतात, "भांडण झालं का?" आणि "दुबईला चाललास का?" दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. मग का, हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या पगाराचा नाही.

क्रिकेटला प्रसिद्धीची गरज नसते. तिथे पत्रकारच मैदानावर आधी पोहोचतात. खो-खो, कबड्डीच्या जिल्हास्तरीय स्पर्धेला सहसा कोणी येत नाही. तिथे संघटनेचा माणूस गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसतो, कागद उतरवून घेतो आणि जिल्हा आवृत्तीचे पान लागण्याआधी बातमी पाठवतो. पूर्वी फॅक्सने, नंतर ईमेलने, आता व्हॉट्सॲपवर. 'अमुक हिने २.१० मिनिटे संरक्षण केले व ३ गडी बाद केले.' खो-खोच्या बातमीत खेळाडूच्या वाट्याला एवढेच येते. पण त्यात तिचा अख्खा दिवस असतो.

या ओळीची किंमत शहरात कळत नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, त्याची पडताळणी होते. कात्रण तिथे चालत नाही, हे मला ठाऊक आहे. कात्रण चालते ते घरात. मुलीला पुढच्या शिबिराला पाठवावे की नाही हे वडील, चाचा आणि कधी कधी शेजारीही ठरवतात. छापून आलेले नाव त्या बैठकीत मुलीच्या बाजूने बोलते. गॅरेजच्या भिंतीवर किंवा पिठाच्या गिरणीत चिकटवलेली अशी कात्रणे मी पाहिली आहेत.

म्हणून नावाबाबत मी हट्टी होतो. एका संघात तीन शेख असले की बातमीत सरसकट 'शेख' छापून यायचे. कोणती शेख? आफरीनची अफरिना व्हायची, मुल्लाणीचा मुलानी व्हायचा. मी पूर्ण नाव, शाळा आणि गाव लिहून पाठवायचो आणि उपसंपादकाला फोन करून पुन्हा सांगायचो. लोक हसायचे. पण ज्याचे नाव चुकते त्याला ते हसू येत नाही.

या २३ वर्षांत खेळ बदलला, आणि बराचसा चांगल्या अर्थाने बदलला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम पुण्यात बालेवाडीला झाला. नसरीन शेखला २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले, पुरुषांनी ५४-३६ असे. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. खेळाडूला मानधन मिळू लागले, टीव्हीवर चेहरा दिसू लागला. याला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. वरच्या थरावर उजेड वाढला तसा खालच्या थरावरचा दिवा काढून घेतला गेला. आमच्याकडे बातमीचा क्रम हळूहळू उलटला. आधी उद्घाटन कोणाच्या हस्ते, मग प्रमुख उपस्थिती, मग प्रायोजक, मग सत्कार आणि शेवटी निकाल. पुढे निकालही गेला आणि नारळ फोडतानाचा फोटो राहिला. गेल्या वर्षी स्पष्ट सूचना आली की १४ वर्षांखालील जिल्हा स्पर्धांचे गुणतक्ते पाठवू नयेत, त्यांना व्ह्यूज नसतात. त्याऐवजी पदाधिकाऱ्यांच्या रील्स कराव्यात. मी लेखी आक्षेप नोंदवला. उत्तर आले नाही. पगार मात्र वेळेवर येत राहिला. तोच अवघड भाग होता. पगार थांबला असता तर निर्णय सोपा झाला असता.

आता मोहल्ल्याच्या काळजीविषयी. ती खोटी नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये आकड्यांनिशी सांगितले की नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमानांचे प्रमाण कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहे. ज्या वस्तीत महिन्याच्या एक तारखेला पगार येणारी घरे बोटांवर मोजता येतात, तिथे अशी नोकरी एकट्याची राहत नाही. ती उदाहरण म्हणून पोरांना दाखवली जाते. 'बघ, शिकला म्हणून ऑफिसात बसला.' ती सोडणे म्हणजे उदाहरण मोडणे. अम्मी दोन दिवस बोलली नाही, ते याच कारणाने.

पण याच वस्तीने मला दुसरी गोष्टही शिकवली. इथला शिंपी, बेकरीवाला, मेकॅनिक, फळगाडीवाला यांच्यापैकी कोणाला उद्याची खात्री होती? अब्बांनी ४० वर्षे शिलाई मशीन चालवले, पगारपत्रक कधी पाहिले नाही. रोजी देणारा कोणी आणखी आहे, साहेब नव्हे, असे ते म्हणायचे आणि सकाळी सातला दुकान उघडायचे. भरवसा आणि कष्ट या त्यांच्या लेखी वेगळ्या गोष्टी नव्हत्या. त्याच वेळी हेही खरे की आजारपणात त्यांच्यामागे ना फंड होता ना विमा. अनिश्चिततेचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या घरांत एक पावसाळा काढावा.

म्हणून मी आधी हिशेब केला आणि मग राजीनामा दिला. ग्रॅच्युइटी म्हणजे महिना २६ दिवसांचा धरून, सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. निवृत्तिवेतन योजनेतली पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण कपात होते, म्हणून तिला हात लावणार नाही. भविष्य निर्वाह निधीतून मुलीच्या उरलेल्या दोन वर्षांची फी बाजूला काढायची. कार्यालयाचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून घरचा विमा आधीच घेतला. किराणा, वीज, औषधे धरून १४ महिने निघतील, असे बायकोने वहीत मांडून दाखवले. मी १८ म्हणत होतो. तिचा आकडा खरा मानला.

तरुण वाचकांना एवढेच सांगेन की मन उडाले म्हणून नोकरी सोडू नका. पण ज्या कामासाठी आपल्याला ठेवले तेच काम करू नका असे सांगितले जात असेल, तर नोकरी आधीच गेलेली असते. उरलेला असतो तो पगार. तो किती दिवस घ्यायचा हे ज्याने त्याने घरच्या वहीवर ठरवावे.

पुढे काय? शाळा आणि छोट्या मंडळांच्या स्पर्धांना जाऊन गुणतक्ते, पूर्ण नावे आणि निकाल त्याच संध्याकाळी प्रसिद्ध करायचे, ते वर्षानुवर्षे जपायचे, आणि क्रीडाशिक्षकांना हे काम शिकवायचे, असा बेत आहे. यासाठी पैसे कोण देईल हे माहीत नाही. खरे तर हे संघटनांचेच काम आहे. सभासद शुल्क घेतात तर प्रत्येक स्पर्धेचा पूर्ण गुणतक्ता खेळाडूच्या नाव-गावासह लोकांपुढे ठेवणे हे त्यांचे कर्तव्य ठरायला हवे, आणि पालकांनी ते मागायला हवे. त्या दिवशी माझा नवा धंदा बसला तरी चालेल.

पहिली स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, मुलींची, १४ वर्षांखालील. सोळा संघ येणार आहेत. मानधनाचे अजून बोलणे झालेले नाही. संघांची यादी मात्र मी पूर्ण नावांसह मागवली आहे.