सूर्य घडवाल, पण भिंतीचं काय?

शिक्षक मित्रांनो, 'उद्याची ऊर्जा' यावरचे निबंध पाहिलेत ना? अणुसंमीलनातून, म्हणजे फ्यूजनमधून, कधीही न संपणारी वीज मिळेल ही ओळ ठरलेली. इंधन भरपूर आहे हे खरं. पण भट्टीच्या भिंतीबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्या मते धडा तिथूनच सुरू करावा.

होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हात म्हटलं होतं की ही ऊर्जा दोन दशकांत ताब्यात येईल. अजून एकही वीजघर उभं नाही. भिंत हे त्याचं एक मोठं कारण.

दहा कोटी अंशांहून तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्र अधांतरी धरतं. तरी काही कण निसटतात आणि भिंतीचे अणू उडवतात. आपल्या राजूरच्या मुलांना चूल दाखवा. आतलं लिंपण झडलं की आई पुन्हा लिंपते. इथे भिंत किरणोत्सारी होते, माणूस आत जाऊच शकत नाही, यंत्राचेच हात हवेत.

गांधीनगरच्या 'आदित्य' टोकामॅकमध्ये (१९८९) ग्रॅफाइट वापरलं. ते उष्णता सोसतं, पण हायड्रोजनशी संयोग होऊन झिजतं, ट्रिटियमही अडकवतं. टंगस्टन ३४०० अंशांपर्यंत वितळत नाही, झिजतंही कमी. मात्र त्याचे थोडेसे अणू प्लाझ्मात शिरले तरी तो थंडावतो. फ्रान्समधल्या 'ईटर' प्रकल्पाने, ज्यात भारतही भागीदार आहे, २०२३ मध्ये आतल्या भिंतीसाठी बेरिलियम सोडून टंगस्टन निवडलं.

फळ्यावर तिन्ही नावं लिहा, मुलांना निवडू द्या. माझं मत टंगस्टनला. बेरिलियम विषारी, शिवाय १२८७ अंशांनाच वितळतं.