शिंगे मोजू नका, वेत मोजा



टेक्सास म्हटले की आपल्याला कापूस आठवतो. खरेच आहे. अमेरिकेतला सर्वांत जास्त कापूस त्या राज्यात पिकतो, ज्वारीचेही क्षेत्र मोठे, आणि पश्चिमेकडे पाऊस आपल्याइतकाच लहरी. त्या मुलखाची गाय म्हणजे लाँगहॉर्न, लांब शिंगांची. खिलार पाहिलेल्या माणसाला तिचे फारसे नवल वाटणार नाही. हिची शिंगे आडवी पसरतात, एवढेच.

ही जात कुठल्या कृषी विद्यापीठाने घडवलेली नाही. स्पॅनिश लोकांनी आणलेली जनावरे रानात सुटली. गोचीड, दुष्काळ, लांडगे यांतून जी वाचली तिचीच वासरे पुढे आली. १८६५ साली तिथले यादवी युद्ध संपल्यावर हे कळप शेकडो मैल चालवत रेल्वेपर्यंत नेऊन विकले गेले. पुढे काटेरी तारांची कुंपणे आली, भरल्या अंगाच्या विलायती जाती आल्या, आणि लाँगहॉर्न इतकी घटली की १९२७ साली ओक्लाहोमातल्या एका अभयारण्यात सरकारने उरलीसुरली जनावरे गोळा केली. पाळणाऱ्यांची संघटना निघाली १९६४ साली.

हे पाळणारे गायीत काय पाहतात? जाणता माणूस आधी वेत मोजतो. दरवर्षी वासरू देते का? विताना अडते का? लाँगहॉर्नचे वासरू जन्मतः हलके असते. गाय माळावर एकटी विते, कोणाला कंदील घेऊन बसावे लागत नाही. दुसऱ्या जाती पाळणारेसुद्धा पहिलारू कालवडींना मुद्दाम लाँगहॉर्न वळू दाखवतात, तो याचसाठी. मग वय. पंधरा वर्षांपुढेही विणाऱ्या गायी या जातीत आहेत. मग चारा. गवत संपले की झुडपांचा पाला ओरबाडून जगते का? दूध वासराला पुरले म्हणजे झाले.

शिंगांचाही बाजार आहे, आणि तो वेडा आहे. लिलावात टोकापासून टोकापर्यंत टेप लावतात. २०१९ साली ज्याच्या शिंगांची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली, तो अलाबामातला पोंचो व्हिया. शिंगे दहा फुटांहून लांब. पण तो खच्ची केलेला! खच्चीकरणानंतर शिंगे जास्त वाढतात. सर्वांत मोठे शिंग ज्याच्या डोक्यावर, त्याचे एक वासरू जन्माला येणार नाही.

आता आपल्या पंढरपूर-सांगोल्याच्या बाजाराकडे बघा. शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदाही कायम केला. चांगले झाले. पण गर्दी खोंडाभोवती. त्याची आई किती वेळा व्याली, दोन वेतांत किती अंतर, हे विचारणारा विरळा.

याला शेतकरी अडाणी आहे म्हणून हात झटकणारे पुष्कळ पंडित आहेत. कारण वेगळे आहे. टेक्सासचा शेतकरी दोनदा गाभण न राहिलेली गाय मांसाच्या बाजारात विकतो आणि त्या पैशात चांगली कालवड वाढवतो. निवड म्हणतात ती हीच. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने गायीचा तो रस्ता बंद केला, २०१५ च्या दुरुस्तीने बैलाचा आणि वळूचाही. भाकड गाय दावणीला उभी, कडबा तीच खाणार, आणि तिच्या शेजारची चांगली कालवड उपाशी. मग शेतकरी करतो काय? गायच ठेवत नाही. खिलार असो, लाल कंधारी असो की विदर्भाची गवळाऊ, जी गाय ठेवायला परवडत नाही तिचा वंश भाषणांनी टिकत नाही.

हा प्रश्न सरकारपुढे मांडायचा तर हातात हिशेब हवा. म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातल्या पाच गायींची माहिती आणावी: वय, वेत किती, शेवटच्या दोन वेतांतले अंतर, उन्हाळ्यात कडबा किती लागला, आणि भाकड झाल्यावर ती कुठे गेली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर खरे लिहा, नाव लिहू नका. वही मी घेऊन येतो.