हेन्रीला का पुसलंत? ‘फ्रिंज’च्या लेखकांना खुले पत्र

श्री. जेफ पिंकनर आणि श्री. जे. एच. वायमन यांना,



‘फ्रिंज’ मालिका २०१३ मध्ये, शंभर भाग पुरे करून संपली. तरी आज हे पत्र लिहितो आहे. तिसऱ्या पर्वात तुम्ही जे उभं केलंत, त्या तोडीचं विज्ञानकथेच्या दुसऱ्या कुठल्या मालिकेत मी पाहिलेलं नाही. आणि ते तुम्हीच मोडलंत, याचं दुःख अजून गेलेलं नाही.

सवतीमत्सर आम्हा मराठी प्रेक्षकांना नवा नाही. आमच्या कितीतरी मालिका त्यावरच चालतात. पण तिथे सवत ही कोणीतरी दुसरी असते. तिला शिव्या घातल्या की आपण मोकळे. तुमच्या ऑलिव्हिया डनमला सवत मिळाली ती स्वतःच. दुसऱ्या विश्वातली ऑलिव्हिया, तोच चेहरा, तोच आवाज. खरी तिकडे कैदेत पडली आणि ही इकडे तिच्या घरात राहिली, तिच्या नोकरीवर गेली, तिचा ज्याच्यावर जीव होता त्या पीटरची प्रेयसी झाली.

डिसेंबर २०१० मधला ‘मॅरिओनेट’ हा भाग मी पुन्हा पुन्हा पाहतो. सुटून आलेल्या ऑलिव्हियाला पीटर सगळं खरं सांगतो. तीही समजूतदारपणे ऐकून घेते. मग घरी तिला धुण्याच्या मशीनमध्ये पीटरचा शर्ट सापडतो आणि तिचा बांध फुटतो. कपाटातले कपडे, पलंगावरच्या चादरी, दुसरीचा हात लागलेलं सगळं ती उपसून काढते. ॲना टॉर्व्हने तिथे जे केलं आहे, त्याला तोड नाही.

त्याच भागात एक माणूस मेलेल्या मुलीचे दान केलेले अवयव परत गोळा करतो, तिला उठवून उभी करतो, तिच्या डोळ्यांत पाहतो आणि ही ती नव्हे, हे त्याला तत्क्षणी कळतं. हे तो सांगतो कोणाला, तर ऑलिव्हियालाच. पीटरला मात्र कित्येक आठवडे कळलं नव्हतं. ही हल्ली जास्त हसते, हे त्याच्या लक्षात आलं होतं; ते आपल्यामुळेच, असं त्याला वाटलं. म्हणजे फरक त्याला दिसला आणि आवडलाही! ऑलिव्हियाला जाळतं ते हे. इतका खोल मत्सर लिहिणाऱ्यांना मी मनापासून मानतो.

शिवाय दुसरीलाही तुम्ही खलनायिका केलं नाहीत. ती गरोदर होऊन आपल्या विश्वात परतली, होणाऱ्या नवऱ्याने तिला सोडलं, आणि बाळंतपणात धावून आला तो हेन्री नावाचा टॅक्सीवाला. खऱ्या ऑलिव्हियाला तिथून पळायला मदत करणारा हाच. बाळाचं नाव हेन्री ठेवलं गेलं. दोन बायकांचं वैर या एका नावात गुंतलं होतं. आता या दोघी समोरासमोर येणार, पीटरला मूल पाहावं लागणार, म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो होतो.

आणि तुम्ही घडून गेलेला काळच बदललात. पीटर नाहीसा, त्याच्याबरोबर ते प्रेमप्रकरण नाहीसं, हेन्री जन्मलाच नाही. आपल्याला मुलगा होता हे पीटरला चौथ्या पर्वात सप्टेंबर नावाच्या पात्राकडून कळतं, तेही तो मुलगा पुसला गेल्यावर. त्या दुःखाला तुम्ही किती मिनिटं दिलीत? पुढे ऑलिव्हियाला जुन्या आठवणी परत येतात. त्यांत तो शर्टही असणार. पण तुम्ही तिला आठवू दिलंत ते बहुतेक प्रेमच. शेवटी दोन्ही ऑलिव्हिया गोडीगुलाबीने निरोप घेतात. तो प्रसंग छान आहे, पण समेट करावा असं त्यांच्यात काही उरलंच नव्हतं.

मालिका जानेवारी २०११ मध्ये शुक्रवार रात्रीच्या वेळेत ढकलली गेली होती, बंद पडायची टांगती तलवार होती, हे मी विसरलेलो नाही. पण ज्यांना ‘मॅरिओनेट’ सुचतं, त्यांना दोन ऑलिव्हिया आणि एक मूल असलेली खोलीही सुचली असती. काळ बदलून विश्व वाचवा, माझी हरकत नाही. पण पीटरची सुटका तुम्ही फुकटात केलीत, आणि किंमत त्या पोराने मोजली.

तुम्ही दोघं अजून लिहिता. पुढच्या एखाद्या मालिकेत असं मूल जन्माला घातलंत, तर कृपा करून त्याला राहू द्या, आणि त्याच्या आईबापांना एकमेकांसमोर बसवा.

कळावे,
आपला एक प्रेक्षक